कानातला कापूस

महागावात तहसील कचेरीच्या समोर माझं दुकान आहे. लोक त्याला ऑनलाइनचं दुकान म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, निराधारचे अर्ज, शिष्यवृत्त्या, सगळं तिथं भरून मिळतं. दुकानात एक संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि मी. चौघांत सगळ्यात जास्त आवाज माझा.

या धंद्यात मी एक नियम केला होता आणि येईल त्या गिऱ्हाइकाला तो ऐकवायचो. जोडलेला कागद कधी नडत नाही, न जोडलेला नडतो. एका कागदापायी म्हाताऱ्या बायांना तीन-तीन खेपा घालाव्या लागतात, हे मी काउंटरमागून रोज पाहतो. म्हणून अर्जाला जे सापडेल ते मी लावतो. मागितलं नसलं तरी लाईट बिल लावतो, रेशन कार्ड लावतो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या लावतो. माझ्या हातची फाईल जाड असायची. साहेब लोक ती हातात घेऊन तिचं वजन करत आणि मला त्याचीही घमेंड होती.

या नियमानं मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं काय केलं, ते लिहायला बसलो आहे. घरात कुणाला दाखवणार नाही.

दादा तोफखान्यात होता. बावीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निघाला. तोफ डागताना कानात घालायला तिकडं रबरी बोळे मिळत, पण ते हरवत, पुरत नसत, घाईत घालायचे राहून जात. दादाला घरच्या कापसाची सवय लागली होती. आमच्या वावरात वेचणी सुरू झाली की माय पहिल्या वेच्यातला पांढराशुभ्र कापूस बाजूला काढायची, बसल्या बसल्या बोटांनी सरकी काढायची आणि एक कापडी पिशवी भरून ठेवायची. सुट्टी संपवून जाताना दादाच्या ट्रंकेत चिवड्याच्या डब्याशेजारी ती पिशवी असे. पलटणीतले पंजाबी आणि तमिळ गडी त्याच्याकडं कापूस मागायला येत म्हणे. माय हे शेजारणींना सांगायची आणि दर वेळी तिच्या सांगण्यात एक-दोन प्रांत वाढलेले असायचे.

सुट्टीत दादा फार जोरात बोलायचा. फोनवर तर सारखं, "काय? पुन्हा सांग." आम्ही हसायचो. फौजेत गेलं की माणसाचा आवाज वाढतो, असं आम्हाला वाटायचं. त्याचे कान चालले आहेत, हे बावीस वर्षांत घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. डोकं होतं कुठं म्हणा.

आता मिरवणुकीचं सांगतो, कारण सगळं तिथून बिघडलं.

अलीकडं आमच्या भागात जवान रिटायर होऊन आला की गावाच्या शिवेपासून त्याची मिरवणूक काढतात. फुलांनी सजवलेली उघडी जीप, तिच्यावर वर्दीतला जवान, पुढं डीजे, दारोदारी ओवाळणी, चौकात सत्कार. चार कोसांवरच्या एका गावानं आदल्या वर्षी अशी मिरवणूक काढली होती आणि तिचा व्हिडिओ आमच्या तालुक्यात सगळ्यांच्या फोनमध्ये होता. आपली त्याहून मोठी झाली पाहिजे, असं मी मनात घेतलं. दादानं मागितली नव्हती. तो म्हणाला होता, मायच्या हातचं वरण-भात-वांगं खाईन आणि झोपीन. पण माझ्या दुकानाची ओळख तालुकाभर, आणि माझा भाऊ गुपचूप एसटीनं उतरून पिशवी घेऊन घरी यावा? मी महिनाभर आधी तारीख धरली. बॅनर छापले. बॅनरवर दादाच्या फोटोखाली माझा फोटो जवळपास तेवढाच होता.

तारखेच्या आठेक दिवस आधी दादाचा फोन आला. निघताना फौजी दवाखान्यात तपासणी होते, त्यात डाव्या कानात दोष निघाला होता. उजवा त्या यंत्रावर ठीकठाक दिसला, पण डॉक्टरांना ते पटलं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात नीट तपासणी करून घे, म्हणाले. त्याला दोन-तीन आठवडे लागणार होते.

"काय करू बे?" दादानं विचारलं.

"दादा, बॅनर लागले. पाहुने सांगतले. डीजेवाल्याले इसार देल्ला. आता तू येत नाई म्हनतं?"

"डॉक्टर म्हन्ते, तपासनी नाई करायची तं तसं लिहून दे."

"मंग दे ना लिहून! सही कर अन् ये. कान काय पळून चाल्ले?"

त्यानं सही केली. मला पुढील तपासणी नको, अशी. मी एवढ्या जोरात बोललो होतो की ते त्याला एका खेपेत ऐकू गेलं.

मिरवणुकीच्या दिवशी दादा जीपवर चढला तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कडक इस्त्रीची वर्दी, छातीवर पदकं. जीपच्या पुढं डीजेची गाडी, आणि तिचे भोंगे मागं, म्हणजे थेट दादाच्या तोंडाकडं केलेले. ते पाहून त्यानं खिशातून मायचा कापूस काढला आणि दोन्ही कानांत गच्च बोळे भरले. फोटोवाला खालून ओरडला, "भाऊ, कानात काहीतरी दिसून राह्यलं." मी जीपच्या पायरीवर चढलो आणि माझ्या बोटांनी ते बोळे ओढून काढले.

"दादा, फोटोत बरं दिसत नाई."

"राहू दे बे. आवाज लय हाये."

"बावीस वर्सं तोफेजवळ राह्यला अन् डीजेले भेतं?"

आजूबाजूचे हसले. दादाही हसला. वर्दीत, गावासमोर, हसण्यावाचून तो दुसरं करणार तरी काय होता? बोळे मी रस्त्यात टाकले. शिवेपासून घरापर्यंत पायी दहा मिनिटं लागतात, आम्ही तीन तास लावले. घराशी उतरला तेव्हा माय ओवाळताना काहीतरी म्हणाली आणि त्यानं तिच्या ओठांकडं वाकून पाहिलं. मी व्हिडिओ काढण्यात गुंतलो होतो. तो व्हिडिओ चांगला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मला म्हणाला, कानात शिट्टी वाजून राहिली आहे, थांबतच नाही. मी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? दादाच्या आधी मीच बोललो. माझी सवय. "काल मिरवणूक होती साहेब, डीजेच्या अगदी समोर उभा होता." डॉक्टरांनी केस पेपरवर तसंच लिहिलं, थेंब दिले, चार दिवसांनी या म्हणाले. चार दिवसांनी शिट्टी होतीच. चार महिन्यांनी शिट्टी होती आणि बाकी फारसं काही नव्हतं. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर त्याला कळायचं. उजवा पार बंद. पुढं कानाचं मशीन मिळालं, पण त्यात आवाजच फार आणि शब्द थोडे, म्हणून ते बहुतेक वेळ खिशातच असे.

निघताना नोंदवलेल्या दोषावर अपंगत्वाच्या पेन्शनचा विचार होतो, तो होऊन पत्र आलं. इंग्रजीत होतं. मी दुकानात वाचलं आणि दादाला फोनवर मराठीत टाईप करून दाखवलं. कानाचा दोष सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेत वाढलेलाही नाही. सबब दावा नामंजूर.

दादानं ते दोनदा वाचलं. "तं मंग कायनं झाला?" त्यानं विचारलं. दुकानात बसलेली चार माणसं दचकली, कारण त्याला स्वतःचा आवाज कळत नसे.

त्याला सहा महिन्यांच्या आत अपील करता येत होतं. पेन्शन वाढली असती हे खरं, पण ते तो कधी बोलला नाही. त्याचं एकच म्हणणं होतं. माझे कान तोफेनं गेले, एवढं सरकारनं एका ओळीत लिहून द्यावं. मी म्हणालो, ओळ काय, पानभर लिहून आणतो. इतकी वर्षं लोकांची कामं केली, सख्ख्या भावाचं होणार नाही?

मी फाईल बांधायला घेतली. भरतीच्या वेळचा दाखला लावला, ज्यात दोन्ही कान उत्तम असं लिहिलं होतं. तोच खरा हुकमाचा पत्ता होता. भरती होताना कान चांगले, नोकरी तोफेवर, निघताना दोष. इथंच थांबलो असतो तर अपील पाच पानांचं झालं असतं. पण पाच पानांची फाईल माझ्या दुकानातून कधी बाहेर पडली नव्हती. मी पदकांच्या झेरॉक्स लावल्या, शाळा सोडल्याचा दाखला लावला, सातबारा लावला. आणि कान बघा किती वाईट आहेत हे दाखवायला गावी आल्यापासूनच्या सगळ्या दवाखान्यांचे कागद लावले. त्यात ग्रामीण रुग्णालयाचा तो पहिला केस पेपरही होता.

दादानं तो ओळखला. फाईल चाळताना त्यानं तो अलगद बाहेर काढून टेबलावर ठेवला.

"हा नको लावू."

"काहून?" मी हातवारे करत विचारलं.

"हा फौजेतला नाई. याच्यात डीजे लिहेल हाये. ज्यानं विचारलं नाई त्याले कायले सांगाचं?"

मला राग आला. माझ्या टेबलावर येऊन मला कागद शिकवतो. मी त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडलो, "तुले काय समजते त्याच्यातलं? तू तोफा सांभाळ, कागद मी सांभाळतो! आधीच बहिरा, त्याच्यात शहाना!"

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. दादानं मान डोलावली आणि बाहेर जाऊन बाकावर बसला. तो चहा प्यायला गेल्यावर मी तो कागद परत फाईलमध्ये घातला आणि वर लाल पेनानं आकडा टाकला. पान एकेचाळीस. प्रत्येक पानावर दादाच्या सह्या घेतल्या तेव्हा त्या पानावरही घेतली. सह्या करताना तो पानं वाचत नव्हता. माझ्यावर सोडलं की सोडलं.

उत्तर यायला वर्षाच्या वर लागलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. सहा महिने म्हणणारा फार आशावादी असला पाहिजे. त्या काळात गावानं दादाचं काय केलं, तेही लिहिलं पाहिजे, कारण मिरवणुकीत नाचलेलीच ही माणसं होती.

आधी ते त्याची परीक्षा घ्यायचे. खरंच बहिरा आहे का पेन्शनसाठी सोंग करतो? चौकात कुणी मागून हाक मारायचं, कुणी शिवी द्यायचं. आईवरून शिवी दिली तरी वळत नाही म्हणजे बहिरा खरा, असा निकाल पारावर लागला. एका लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांनी त्याला हसून हसून भलतेसलते प्रश्न विचारले आणि तो आपला "हाव, हाव" करत मान हलवत राहिला. काय विचारलं ते मी ऐकलं होतं. मी ताटातल्या बुंदीकडं पाहत बसलो. आणि गावाला कशाला नावं ठेवू? एका संध्याकाळी तो ओट्यावर बसला असताना मी त्याच्या पाठीमागं स्टीलचं ताट फरशीवर सोडलं. वहिनी चुलीपासून धावत आली. दादा हलला नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, खाली वाकून ताट उचललं आणि आत गेली. तेव्हापासून ती मला चहा हातात देत नाही, समोर ठेवते.

वणीकडं कोळशाच्या खाणींवर माजी सैनिकांना पहारेकऱ्याची नोकरी लागते. एका ठेकेदाराकडं दादा गेला. मीही सोबत होतो. उंची, छाती, कागद, सगळं पसंत पडलं. मग ठेकेदाराच्या माणसानं त्याला पाठमोरं उभं केलं आणि मागून ट्रकवाल्याला भोंगा वाजवायला सांगितला. ट्रक त्याच्यापासून दहा पावलांवर होता. दादा सावधान उभा राहिला, हुकमाची वाट पाहत. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "ट्रकखाली मेला तं आमच्यावर केस. घेऊन जा याले." मी दादाला दंडाला धरून फिरवलं तेव्हा त्यानं विचारलं, "झालं? पास?"

घरी आल्यावर वहिनी मायला सांगत होती. ती जोरात बोलत होती, त्याच्यासमोरच बोलत होती. आम्हा सगळ्यांना ती सवय लागली होती. "देशाले कान देल्ले म्हनलं तं लोकं हासतात, आत्याबाई. देशच म्हन्ते, आमी नाई घेतले. मंग गेले कुठं? म्या खाल्ले?"

मी उठून बाहेर ओट्यावर गेलो. कारण तोवर तो प्रश्न मलाही पडायला लागला होता. डाव्यातला दोष फौजेतच निघाला होता, ते कागदावर होतं. उजवा कुणाचा? बावीस वर्षांत तोफेनं तो आतून पोखरला होता आणि मिरवणुकीच्या दिवशी फक्त पडला? का चांगला होता आणि मी तीन तासांत घालवला? मोठ्या दवाखान्यातली तपासणी झाली असती तर कळलं असतं. ती मीच होऊ दिली नव्हती. मी बोटांत कापसाचा तो मऊपणा आठवायचो आणि प्रिंटरमध्ये उगीच कागद भरत बसायचो. ते अपील दादापेक्षा मला हवं होतं. तोफेनं गेले, एवढं शिक्क्यानिशी कुणीतरी लिहून द्यावं आणि मला रात्री झोप लागावी.

मग उत्तर आलं, माझ्या दुकानाच्या पत्त्यावर. मी शटर अर्धं ओढून वाचलं. निवृत्तीच्या वेळी फक्त डाव्या कानात किरकोळ दोष. पुढील तपासणीस अर्जदाराने स्वतः लेखी नकार दिला. अर्जदारानेच जोडलेल्या पान एकेचाळीसवरून दिसते की निवृत्तीनंतर खासगी समारंभात त्याचा मोठ्या आवाजाशी अगदी जवळून संबंध आला व त्यानंतरच त्रास सुरू झाला. अपील फेटाळण्यात येत आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तो कागद घडी करून ड्रॉवरच्या तळाशी घातला आणि दादाच्या फोनवर टाईप केलं, "नाही म्हणाले. पहिल्यासारखंच. कारण दिलं नाही." त्यानं वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. पुन्हा एक अपील बाकी आहे, मी टाईप केलं, यावेळी वकील करू. तो म्हणाला, "कर."

नागपूरचे वकील स्वतः फौजेतून निवृत्त झालेले होते. अशी बरीच प्रकरणं त्यांनी जिंकून दिली होती. दादानं त्यांना बसल्या जागी ताठ होऊन सलाम केला आणि त्यांनी मान लववली. मग माझी फाईल उघडली. भरतीचा दाखला पाहून ते खूश झाले. "उत्तम. हे पुरेसं होतं." तोफेवरच्या नोकरीचा कागद पाहून म्हणाले, "हेही उत्तम." मग सातबारा आला आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मग पान एकेचाळीस आलं.

त्यांनी लाल आकड्यावर बोट ठेवलं.

"हे कोणी लावलं?"

मी म्हणालो, "चुकून गेलं साहेब." चुकून. लाल पेनानं आकडा टाकलेलं पान चुकून गेलं.

"तुम्ही लोक स्वतःच्या हातानं खड्डा खणता आणि मग आमच्याकडं दोर मागायला येता. पाच पानांची केस होती ही." त्यांनी फाईल मिटली, पुन्हा उघडली. "बरं. एक मार्ग आहे. मिरवणुकीत यांच्या कानात काही होतं का? रबरी बोळे, कापूस, काहीही? तोफखान्याचा माणूस आहे, सवयीनं घातलं असेल. फोटो, व्हिडिओ असेल तर दाखवा. कानात कापूस दिसला, तर डीजेचा मुद्दा तिथंच संपवता येईल."

फोटो माझ्या फोनमध्ये होते. शंभरावर होते. एकेका फोटोत दादाचे दोन्ही कान स्वच्छ, मोकळे, धुतल्यासारखे. मी फोन खिशातून काढला नाही. वकिलांनी मग दादाकडं मोर्चा वळवला, उठून त्याच्या डाव्या कानाशी आले आणि ओरडून विचारलं, "हवालदारसाहेब! मिरवणुकीत कानात कापूस होता का?"

दादानं माझ्याकडं पाहिलं नाही.

"होता साहेब. मंग म्याच काहाडला. फोटोत बरं दिसत नाई म्हून."

"स्वतः काढलात? तोफखान्यातले असून? तुम्हाला अक्कल कुठं होती?"

"चुकलं साहेब," दादा म्हणाला.

वकील त्याला बोलत राहिले. बावीस वर्षांची नोकरी, एका दिवसाची हौस, घटकाभराचा नाच. दादा ताठ बसून ऐकत होता. त्याला त्यातलं किती पोचलं कोण जाणे. "म्या काहाडला," एवढे दोन शब्द मला बोलायचे होते. दुकानात ज्याचं तोंड दिवसभर बंद होत नाही त्याला दोन शब्द निघाले नाहीत. शेवटी वकील म्हणाले, अपील करून पाहू, पुढं न्यायाधिकरण आहे, पण आता काही सांगता येत नाही. विचार करून कळवा. मी फाईल काखेत मारली. ती अजूनही जाड होती.

परतीची बस वर्धा-कळंबवरून होती. दादा खिडकीशी बसला. कळंबच्या अलीकडं त्यानं एकदम सुरुवात केली. बसच्या खडखडाटात त्याचं जोरात बोलणं खपून जात होतं.

"ते पत्र घरी बी आलं होतं. एक प्रत मले बी धाडतात ते. तुह्या वैनीच्या भावानं वाचून देल्लं."

मी त्याच्याकडं पाहिलं.

"एकेचाळीस नंबर म्या पाह्यला होता. सही करतानी. म्हनलं, जाऊ दे, तुले वाटते तं राहू दे. घरात एकच शिकेल हाये."

तेवढ्यात बस कळंबच्या स्टँडवर थांबली. चिंतामणीच्या दर्शनाला उतरणारे उतरले, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सगळीकडं एकदम शांत झालं. दादाला ते कळायचं कारण नव्हतं. तो त्याच आवाजात बोलत राहिला आणि सगळी बस ऐकायला लागली.

"तुले वाटते, माहे कान तुह्यानं गेले. कापूस काहाडला म्हून. दोन वर्सापासून पाहून राह्यलो मी. तू माह्या कानाकडे पाह्यतं अन् खाली पाह्यतं. मी कायले लढून राह्यलो होतो बे? मले काय कराचं त्या कागदाचं? कान थोडीच वापस येतात. सरकारनं लिहून देल्लं असतं का तोफेनं गेले, तं तू सुटला असता. तुह्यासाठी लढून राह्यलो होतो मी!"

पुढच्या बाकावरच्या दोन बाया वळून पाहायला लागल्या. कंडक्टर दारात थांबला. मागून कुणीतरी हसलं. आणि मी, देवाशपथ, हेच केलं. तोंडावर बोट ठेवलं. हळू बोल, लोक पाहतात, अशी खूण केली.

दादानं आजूबाजूला पाहिलं. लोक पाहत होते हे त्याला दिसलं. त्यानं मान डोलावली आणि गप्प बसला.

वकिलांना मी नंतर काही कळवलं नाही. दादानंही विचारलं नाही. आता घरात तो फार थोडं बोलतो, आणि बोललाच तर इतक्या हळू की आम्हालाच त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागतो.